एक एकर सुबाभूळ लावू का? आधी रोज किती कापणार ते सांगा

निपाणी तालुक्यातल्या एका निवृत्त जवानांनी विचारलं आहे: अंदमानात नेमणूक असताना पोर्ट ब्लेअरच्या आसपास रस्त्याकडेला आणि पडक्या जागेत एक झुडूप आपोआप माजलेलं बघितलं. बारीक पाला, पांढरे गोंडे, चपट्या शेंगांचे घोस. कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी बारमाही हिरवं. तिथल्या शेळ्या ते दिवसभर खातात आणि धडधाकट असतात. येताना मूठभर बी आणलं आहे. तंबाखू सोडल्यापासून एक एकर रान पडून आहे, दारात बारा शेळ्या आहेत. तर सगळ्या एकरात हेच लावावं का? आणि मेहुण्यांची जमीन खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वरच्या अंगाला आहे, त्यांनाही थोडं बी द्यावं का?

फोटो बघितले. ही सुबाभूळच आहे. दशरथ घास म्हणून चाऱ्याचं जे झुडूप मिळतं त्याचा पाला आणि फूल लांबून असंच दिसतं, पण ते कमरेच्या आसपास राहतं आणि त्याची शेंग काडीसारखी बारीक असते. तुमच्या फोटोतली शेंग वीतभर लांब, बोटाएवढी रुंद आणि पापुद्र्यासारखी पातळ आहे, म्हणजे शंका नको. अंदमानातच काय, आपल्याकडेही कालव्याच्या काठानं, साखर कारखान्यांच्या वसाहतीमागं, शाळांच्या आवारात ती उभी आहे. आपण तिच्याकडे बघत नाही एवढंच.

माझं मत आधीच सांगते. लावा, पण एकरात नको, बांधावर लावा. आणि रोज कोयत्यानं कापता येईल तेवढीच लावा. आणलेलं बी मात्र वापरू नका आणि कोणाला देऊही नका.

बेटावर ती कशी वाढते हे तुम्ही नीट बघितलंय, पण त्यातून काढलेला अर्थ आपल्या रानाला लागू पडत नाही. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून ते फिलिपिन्सला पोचलं आणि पुढे उष्ण कटिबंधातल्या बहुतेक बेटांवर गेलं. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धात झाडझाडोरा होरपळून गेला होता. माती वाहून जाऊ नये म्हणून अमेरिकनांनी नंतर तिथं विमानातून सुबाभळीचं बी पेरलं. माती राहिली, पण आज तिथं मैलोन्‌मैल तिचंच रान आहे आणि स्थानिक झाडांना त्यात शिरायला जागा नाही. हवाईतही तेच झालं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींची यादी केली, तिच्यात सुबाभूळ आहे.

बेटांवर तिला हवं ते सगळं आयतं मिळतं. पोवळ्यांच्या चुनखडीची, पाणी न धरणारी जमीन तिला मानवते. थंडीचा कडाका नसतो. तिचं बी पोखरणारे मूळ मुलखातले भुंगे पुष्कळ ठिकाणी फार उशिरा पोचले. आणि मोकळी झालेली जागा बघून दुसरं काही उगवायच्या आत ती उगवते. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू तिला हवेतला नत्र मिळवून देतात, त्यामुळं खताची वाट बघत बसावं लागत नाही. एकटं झाडसुद्धा स्वतःच्याच परागानं शेंगा धरतं. बियांची साल इतकी कठीण की जमिनीत पडलेलं बी दहा दहा वर्षांनीही रुजतं. म्हणजे तुम्ही जे बघितलं ते झाडाचं औदार्य नव्हतं, कोणी न कापल्याचा परिणाम होता. अशा रानात कधी आत शिरून बघितलंत तर खालच्या सहा फुटांत शेळीच्या तोंडाला लागेल असा पाला फारसा नसतो, सगळा शेंड्याला असतो. खाली रोपांची दाटी, वर शेंगांची.

आता बियाबद्दल. सुबाभळीचे ढोबळ मानानं तीन प्रकार आहेत. बेटांवर रानटी दिसतो तो बुटका, झुडपी प्रकार. चार-सहा महिन्यांत फुलावर येतो आणि मग वर्षभर शेंगा देत राहतो, पाला मात्र कमी. दुसरा पेरू देशाच्या नावानं ओळखला जाणारा, बुडापासून फुटवे फोडणारा, चाऱ्याला चांगला. तिसरा उंच जाणारा, सरळ खोडाचा. हवाई विद्यापीठातल्या जेम्स ब्रूबेकर यांनी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून गोळा केलेल्या या उंच प्रकारातून के-8 सारखे वाण जगभर गेले. आपल्याकडे मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेनं उरुळी कांचनहून या झाडाचा जोरात प्रचार केला. तुमच्या मुठीत आहे तो बहुधा पहिला प्रकार, म्हणजे तण म्हणून सगळ्यांत वाईट आणि वैरण म्हणून सगळ्यांत हलका. ते बी चुलीत घाला. उकिरड्यावर टाकू नका, पुढच्या पावसाळ्यात शेणखताबरोबर रानात जाईल. धारवाडला भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्थेचं दक्षिणेकडचं केंद्र आहे. चाऱ्याचा वाण तिथं विचारूनच आणा.

मग एकराचं काय? इथं थोडा हिशेब करू, कारण सगळं त्यावर आहे. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा लागतो, म्हणजे ओल्यातलं पाणी वजा करून. त्यातला जास्तीत जास्त तिसरा हिस्सा सुबाभूळ असावी (कारण पुढे सांगते). ओल्या पाल्यात हे एक किलो, फार तर सव्वा किलो होतं. बारा शेळ्यांना दिवसाला बारा ते पंधरा किलो. बांधावरचं नीट पोसलेलं झाड पावसाळ्यात एका कापणीला अर्धा ते एक किलो पाला आणि कोवळ्या डहाळ्या देतं. अर्धाच किलो धरा. म्हणजे रोज पंचवीस-तीस झाडं कापायची. एकदा कापलेलं झाड पुन्हा कापणीला यायला पावसाळ्यात पन्नासेक दिवस लागतात. तेव्हा तुम्हाला बाराशे ते पंधराशे झाडं लागतील.

दीड फुटावर एक, अशा दोन ओळी लावल्या तर एकराच्या चारी बांधांवर, म्हणजे सुमारे अडीचशे मीटरमध्ये, हजार-अकराशे झाडं बसतात. उरलेली मधल्या आडव्या बांधावर. झालं तुमचं काम. आतलं एकर ज्वारीला, मक्याला, हत्ती गवताला मोकळं राहतं.

उलट सगळं एकर भरलंत तर? मीटरभर अंतराच्या ओळींत दीड-दीड फुटांवर लावलं तर आठ हजारांच्या वर झाडं होतील. पन्नास दिवसांत ती एकदा कापायची तर रोज दीडशेच्या वर झाडं, पंच्याहत्तर-ऐंशी किलो पाला. बारा शेळ्या तो खाणार नाहीत आणि तुम्ही तो कापणार नाही. पहिलं वर्ष हौसेनं जाईल. दुसऱ्या वर्षी मागच्या ओळी राहून जातील, त्यांना फुलं येतील. फुलापासून शेंग वाळून तडकायला तीन-चार महिने पुरतात. तिसऱ्या वर्षी शेजारी तुमच्या बांधावर येऊन उभा राहील, कारण त्याच्या उसात सुबाभळीची रोपं उगवलेली असतील. असे तंटे मी बघितले आहेत. मोजणीच्या तंट्यांपेक्षा ते जास्त चिवट असतात, कारण बी दरवर्षी नव्यानं उगवतं. दांडेलीच्या कागद कारखान्यासाठी लाकूड म्हणून लावायची गोष्ट वेगळी. तिथं झाड वाढवायचं असतं, तुम्हाला ते वाढू द्यायचं नाही. दोन्ही एकाच एकरात साधायला जाऊ नका.

आता शेळ्यांच्या प्रकृतीचं. माझा धंदा जनावरांचा, म्हणून इथं जरा रेंगाळते.

सुबाभळीच्या पाल्यात कोरड्या वजनाच्या वीस-पंचवीस टक्के प्रथिनं असतात, लसूणघासाच्या तोडीची. वर लसूणघासानं जसं पोट फुगतं तसं हिनं फुगत नाही. कडबा आणि उसाचं वाडं यांच्यावर दिवस काढणाऱ्या आपल्याकडच्या जनावराला याची फार गरज असते. वाड्यानं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. पण याच पाल्यात मिमोसीन नावाचं द्रव्य आहे, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत सगळ्यांत जास्त. ते पोटात गेलं की केसांच्या मुळाची वाढ थांबते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचं रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होतं आणि ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडवतं. जनावर खातं पण वाळत जातं, लाळ गाळतं, केस झडतात, गळ्याला गाठ दिसते. गाभण शेळीला सतत जास्त दिलं तर करडू अशक्त निपजतं, कधी जन्मतःच गलगंड घेऊन येतं. आयोडीनचं मीठ चाटवून हे आटोक्यात येईल असा समज आहे. नुसत्या मिठानं ते होत नाही, पाला कमी करावा लागतो.

‘मग अंदमानातल्या शेळ्यांना काही कसं होत नाही?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला पडला होता. त्यांच्याकडची गुरं सुबाभळीवर खंगत होती आणि हवाईतल्या शेळ्या तीच खाऊन ठणठणीत होत्या. त्यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं की हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जीवाणू आहेत. त्यांच्या पोटातला रस ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना पाजला, तेव्हा ती जनावरंही पाला पचवू लागली. पुढे 1992 मध्ये त्या जीवाणूला सिनर्जिस्टीस जोन्सी असं त्यांचंच नाव मिळालं. म्हणजे जनावर धडधाकट राहतं ते झाड गुणाचं म्हणून नाही, पोटात काय नांदतंय यावर. पिढ्यान्‌पिढ्या हा पाला खाणाऱ्या शेळीचं पोट आणि गेल्या बाजारात आणलेल्या तुमच्या शेळीचं पोट एक नसतं. शिवाय चरायला सोडलेली शेळी दहा झाडांना तोंड लावते. गोठ्यात बांधलेली शेळी तुम्ही जे टाकाल तेच खाते. म्हणून बांधून पाळणाऱ्यानं तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा पाळायचीच.

सुरुवात मूठ-दोन मुठींपासून करा आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. पाला कापून अर्धा दिवस सुकवून कडब्याच्या कुट्टीत मिसळून टाकला तर शेळ्या निवडून खात नाहीत. गाभण शेळ्यांना शेवटच्या दोन महिन्यांत निम्माच द्या. अंगावरचे केस चिमटीत येऊ लागले तर लगेच बंद करा. वेळेत बंद केलं तर केस पुन्हा येतात. म्हशीला आठ-दहा किलो ओला पाला चालतो, पण तिलाही सवय लावूनच.

शर्यतीचं घोडं दारात असेल, निपाणी-चिकोडीकडे पुष्कळांच्या असतं, तर त्याला हा पाला अजिबात नको. घोड्याला रवंथाचं पोट नाही. आयाळ आणि शेपटी झडून जाते आणि मग नसती औषधं सुरू होतात. ससे आणि डुकरं यांनाही नको.

पिकलेली शेंग कोणालाच घालू नका. कठीण सालीचं बी जनावराच्या पोटातून न पचता बाहेर पडतं आणि लेंडीखतातून थेट रानात रुजतं. उन्हाळ्यात धनगर आपल्या रानात मेंढरं बसवतात, तेव्हा त्यांना आधी सांगून ठेवा की बांधाला शेंगा असतील तर कळप तिकडून घालू नये. मेंढ्यांच्या बाबतीत लोकरीचा धोका वेगळाच. पोटभर सुबाभूळ खाल्ली की लोकर अक्षरशः सुटून येते.

लागवडीचं थोडक्यात. बी तसंच टोकलं तर दहातलं एखादं उगवतं. पाणी उकळून खाली उतरवा, हाताला चटका बसेल पण बुडबुडे थांबलेले असतील इतपत निवू द्या, त्यात बी तीन-चार मिनिटं ठेवा आणि मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सुबाभळीचं जीवाणू संवर्धन मिळालं तर चोळा. मार्चमध्ये पिशव्यांत रोपं करा, पहिला पाऊस जमिनीत मुरला की बांधावर लावा. सुरुवातीचे तीन महिने हे झाड फार मंद असतं, गवत त्याला दाबून टाकतं. नंतर माजणारं झाड लहानपणी एवढं नाजूक असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही आणि खुरपणी राहते. शेळ्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

खोड अंगठ्याएवढं झालं आणि झाड डोक्याबरोबर आलं की पहिली कापणी, साधारण पाच-सहा महिन्यांनी. जमिनीलगत कापायचं नाही. तीन फूट खोड ठेवायचं, कोयता धारदार हवा, काप तिरका, खोड चिरता कामा नये. त्यानंतर रोजच्या पंचवीस-तीस झाडांचं चक्र. पहिला पांढरा गोंडा दिसला की ते झाड रांगेत पुढं घ्यायचं, त्याची पाळी आली नसली तरी. मार्च ते मे पाणी नसेल तर फूट मंदावते, पन्नास दिवसांचे ऐंशी होतात. तेव्हा कडबा वाढवायचा, झाड ओरबाडायचं नाही. जाड काड्या चुलीला आणि दोडक्या-कारल्याच्या मांडवाला.

उसाला लागून लावाल तर उसाच्या उत्तर बांधावर लावा, सावली बाहेर पडेल. उसाची सरी जिथं सतत ओली राहते तिथं मात्र नको, मुळाशी पाणी साचलेलं तिला खपत नाही. थंडीत कोवळ्या शेंड्यावर पिवळट हिरव्या बारीक उड्या मारणाऱ्या किडी दिसल्या आणि पानं चिकट झाली तर घाबरू नका. हा सुबाभळीचा सिल्ला. 1984 मध्ये हवाईत पोचला आणि 1988 मध्ये भारतात. फवारणी करू नका, तो पाला जनावरांच्या पोटात जायचा आहे. त्या ओळी कापून टाका, नवी फूट ऊन तापल्यावर चांगली येते.

बांधाखाली दर पावसाळ्यात जी रोपं येतील ती बोटभर असतानाच उपटायची. एकदा मूळ खोल गेलं की तोडलेल्या खोडाला चौफेर फुटवे येतात आणि खुंट जेसीबीशिवाय निघत नाही.

राहिले मेहुणे. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस धो धो आणि माती तांबडी, जांभ्याची, आम्ल. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाचाच्या खाली गेला की सुबाभळीच्या मुळांना त्या मातीतलं ॲल्युमिनियम बाधतं, झाड पिवळं पडून जागच्या जागी राहतं. तुमच्या चुनखड असलेल्या काळ्या रानात जे जोमानं येईल ते तिकडं खुरटेल. समजा एखाद्या ओहोळाच्या गाळात ते आलंच, तर गोष्ट आणखी वाईट, कारण तिथून बी पाण्याबरोबर मलप्रभेच्या किंवा म्हादईच्या काठाला लागेल आणि पलीकडं भीमगड अभयारण्याचं जंगल आहे. घाटातल्या जंगलाच्या कडेला हे झाड मी कोणालाच सुचवत नाही. मेहुण्यांनी कुंपणाला गिरिपुष्पाच्या फांद्या रोवाव्यात, आम्ल जमीन ते जास्त सोसतं. त्याच्या वासामुळं शेळ्या पहिले काही दिवस तोंड फिरवतात. सुकवून, थोडं मीठ शिंपडून दिलं की खाऊ लागतात. माळावर स्टायलो हा चारा पेरावा, तोही द्विदलच आहे आणि हलक्या आम्ल मातीत येतो. आणि परड्यात चार हादगे. त्याची फुलं शेळ्यांच्या आधी माणसंच खातील, एवढी एक अडचण आहे.